सड्यावरचा आवाज

मे महिना सरत आला की आमच्या डिचोलीत घरोघर पावसाची तयारी सुरू होते. कोणी घर शाकारतो, कोणी सरपण पडवीत रचतो, आमसुले-पापड डब्यांत जातात, छत्र्यांच्या काड्या तपासल्या जातात. माझ्या घरी याच दिवसांत आणखी एक विधी असतो. मी शिडी लावून गच्चीच्या कठड्यावर चढतो आणि खांबावरचे एरियल खाली उतरवतो. वर्षभराच्या खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या नळीवर पांढरी बुरशीसारखी पूड जमलेली असते. तांबे आणि ॲल्युमिनियम जेथे एकमेकांना भिडतात तेथे तर धातू खाल्लेला असतो. केबलच्या जोडात मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलेले असते. हे सारे घासून, पुसून, जोडांवर रबरी पट्टी ताणून गुंडाळून पुन्हा वर चढवावयाचे. शेजारच्या आजी दर वर्षी अंगणात येऊन उभ्या राहतात आणि तेच वाक्य तितक्याच काळजीने म्हणतात, ‘‘पुता, वीज पडटली मरे हाचेर!’’

आजींची भीती अगदीच अनाठायी नाही, म्हणून खांबापासून जाड तांब्याची पट्टी खाली उतरवून जमिनीत पुरली आहे. मात्र आमची जमीन चिऱ्याची. एप्रिल-मेमध्ये ती इतकी कोरडी पडते की विजेला ती जमीन आहे हे ठाऊकच होत नसावे! खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून त्यावर रोज कळशीभर पाणी ओतावे लागते. घरातल्या तुळशीपाठोपाठ माझ्या या खड्ड्याला पाणी घालण्याचा मान आता नातवाकडे गेला आहे.

वाचकहो, हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न तुम्हांस पडला असेल. हौशी बिनतारी केंद्र चालवणारे आमच्यासारखे लोक जगभर आहेत. त्यांना ‘हॅम’ असे काहीसे विचित्र नाव पडले आहे. वयाची बारा वर्षे पुरी केलेला कोणीही भारतीय नागरिक केंद्र सरकारची परीक्षा देऊन हा परवाना मिळवू शकतो. भारतातील अशा केंद्रांची खूण ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. राजीव गांधी यांच्याकडेही असा परवाना होता. या लहरींवर व्यापाराची बोलणी करावयाची नाहीत, गाणी वाजवावयाची नाहीत, सांकेतिक भाषा वापरावयाची नाही. मग उरते काय? उरते ते बोलणे, आणि बोलणे दूरवर पोहोचावे म्हणून केलेली खटपट. खरे सांगावयाचे तर आम्हांपैकी बहुतेकांना बोलण्यापेक्षा खटपटच अधिक प्रिय असते. तीन रविवार खपून एरियल उभारावे, आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला विचारावे काय, तर ‘आवाज कसा येतो?’

ज्या लहरींवर आम्ही जवळपासच्या मंडळींशी बोलतो, त्यांची लांबी सुमारे दोन मीटर. या लहरींचा स्वभाव साधारण डोळ्यासारखा, जेथवर नजर जाते त्याच्या थोडे पलीकडेच त्या जातात. डोंगर आडवा आला की संपले. याचा हिशेब सोपा आहे. एरियलच्या उंचीचे, मीटरमध्ये, वर्गमूळ काढावे आणि त्याला चाराने, काटेकोर हिशेब हवा असेल तर ४.१२ ने, गुणावे, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. मोटारीच्या टपावरील एरियल जमिनीपासून दोन मीटर धरले तर त्याचे क्षितिज सहा किलोमीटरही भरत नाही. अशा दोन मोटारी सपाट प्रदेशात बारा किलोमीटरवर एकमेकींना मुकतात. तेच एरियल शंभर मीटर उंचीवर नेले तर क्षितिज एकेचाळीस किलोमीटरवर सरकते. उंचीची ही किमया आहे. सेटची शक्ती दुप्पट करण्यासाठी खर्च केलेले पैसे पुष्कळदा वाया जातात, दहा हात वर चढण्याचे कष्ट सहसा वाया जात नाहीत.

आणि आमचा मुलूख तर सपाट नाहीच. पेडणे महालाच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा, मध्ये सडे आणि त्यांच्या कुशीत दडलेली गावे. डिचोलीकडे यावे तर टेकड्या, खाणींनी पोखरलेले डोंगर, आणि खाणींतून उपसलेल्या मातीचे नवे डोंगर. गाव जितके सुंदर, तितके ते खोलात, आणि जितके खोलात तितके आमच्या लहरींना परके. पेडण्यातील कोरगावी माझा एक स्नेही आहे. नाते काही नाही, पण त्याची आई मला धाकटा मुलगा मानते आणि मीही तिला आईच म्हणतो. सरळ रेषेत आमची घरे वीसएक किलोमीटरवर. माझे एरियल गच्चीवर, त्याचे माडाला बांधलेल्या बांबूवर. कधी हवा अनुकूल असली तर खरखरीतून दोन शब्द येत, एरवी शुकशुकाट.

मोटारीवर एरियल बसवण्याची कल्पना त्यातूनच निघाली. या लहरींसाठी साडेएकोणीस इंचांची एक तार पुरते, पण ती एकटी अपुरी असते. तिला खाली धातूचा पत्रा हवा, आणि मोटारीचा टप हा आयताच पत्रा! तार टपाच्या मधोमध उभी केली तर आवाज चारी दिशांना सारखा जातो. कोपऱ्यात बसवली तर ज्या बाजूला पत्रा अधिक, त्या बाजूला तो कलतो. जुन्या मोटारींना कडेने पन्हळ असे, तिला चिमटा लावता येई. आता पन्हळी गेल्या, म्हणून चुंबकाचा पाया वापरावयाचा. चुंबक सोयीचा खरा, पण त्याच्याखाली अडकलेला लोहखनिजाचा कण टपाचा रंग ओरबाडतो, आणि डिचोलीच्या हवेत लोहखनिजाला काय तोटा! टपावरचे ते तांबूस वर्तुळ पाहून सौभाग्यवतींनी जे उद्गार काढले ते या कौटुंबिक मासिकात छापण्याजोगे नाहीत. पुढे मी चुंबकाखाली पातळ कापड घालू लागलो, आणि घरातील शांतता पुष्कळ अंशी परतली.

आता त्या दिवसाची गोष्ट. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. झाडे उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले, रस्ते बंद पडले. ९ मेपासून करोनामुळे संचारबंदी होतीच. सोमवारी सकाळी आमच्याकडे वीज नव्हती, आणि कोरगावचा फोन लागेना. एरवी एक दिवस फोन लागला नाही म्हणून कोणी घाबरत नाही. परंतु स्नेह्याची आई नुकतीच करोनातून उठली होती आणि घरी हवेतून प्राणवायू गाळून देणाऱ्या यंत्रावर होती. ते यंत्र विजेवर चालते. त्यांच्याकडे लहान जनरेटर होता हे मला ठाऊक होते. त्यात पेट्रोल किती, हे मात्र ठाऊक नव्हते.

गच्चीवरून हाका मारून पाहिल्या. उत्तर नाही. मग मोटार काढली आणि पडलेल्या फांद्या चुकवीत गावाबाहेरच्या सड्यावर गेलो. दर अर्ध्या तासाने, घड्याळाचा काटा बारावर आणि सहावर आला की पाच मिनिटे सेट लावून बसावयाचे, असा संकेत आम्ही दोघांनी केव्हातरी थट्टेत ठरवला होता. साडेनवाला मी हाक दिली. खरखरीत काहीतरी हलले. मोटार हातभर पुढे घेतली, आवाज पुसला गेला. मागे घेतली, पुन्हा आला. डोंगरांवरून उलटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात तेव्हा अर्ध्या लहरीच्या, म्हणजे मीटरभराच्या अंतरात आवाजाचे उंचवटे आणि खड्डे पडतात. हे मी पुस्तकात कितीदा वाचले होते. त्या दिवशी ते माझ्या पायाखालच्या क्लचला कळत होते. अखेर एका जागी मोटार अशी स्थिर केली की जणू तिच्या चाकाखाली काच आहे. स्नेही आपल्या मोटारीच्या बॅटरीवर सेट चालवीत होता. वाक्ये तुटत होती. ‘आई... बरी... पेट्रोल... संध्याकाळपर्यंत...’ एवढे कळले. मी ‘पेट्रोल’ हा शब्द तीनदा उच्चारला, त्याने तीनदा ‘होय’ म्हटले.

माझ्या पुतण्याकडे औषधे पोहोचवण्याचा पास होता. दुपारी तो दहा लिटरांचा कॅन घेऊन निघाला आणि वाटेत दोन ठिकाणी कोयतीने फांद्या तोडीत कोरगावला पोहोचला. पोहोचल्याची खबर मिळावी म्हणून मी पुन्हा सड्यावर जाऊन बसलो होतो. यात शौर्य माझे काहीच नाही. मी मोटारीत बसलो होतो, तेही पंखा लावून. पण त्या संध्याकाळी परतताना एकच विचार डोक्यात घोळत होता. मी आजारी असतो, मोटार नादुरुस्त असती, सड्याच्या वाटेवर झाड पडले असते, तर? माणसाने सड्यावर जाण्याऐवजी यंत्रालाच कायमचे सड्यावर बसवावे, हे त्यावरचे उत्तर. त्याच वर्षी २३ जुलैला शापोरेच्या पुराचे पाणी पेडण्याच्या काठच्या गावांत शिरले आणि डिचोली-सत्तरीतही घरे पडली, तेव्हा हा विचार पक्का झाला.

मोटारीवरून बोलणाऱ्या केंद्राचे आमच्या भागाला तसे अप्रूप नसावे. पोर्तुगीज अमलात, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानात एका ट्रकवर प्रेषक यंत्र बसवून गोव्याच्या मुक्तीचा आवाज उठवला. दिवसही निवडून घेतलेला. १५१० साली याच तारखेला आल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला गेले आणि १९६१पर्यंत कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बोलत राहिले. माझे वडील सांगत की डिचोलीत हा आवाज ऐकताना रेडिओवर गोधडी टाकीत आणि मुलाला दारात खेळत ठेवीत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा त्याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती वार्ता सांगितली. लिबियाताईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. ते केंद्र हौशी नव्हते, त्याच्यामागे हेतू होता आणि धोका होता. तरी यंत्र घेऊन उंचावर जाऊन बसण्याची त्यांची युक्ती आणि आमची युक्ती एकाच घाटाची आहे, असे मला उगाच वाटते.

तर, रिपीटर. टेकडीवर बसवलेले हे यंत्र एका लहरीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर तेच मोठ्याने बोलते. दोन लहरींत अंतर असते सहाशे किलोहर्ट्झचे, म्हणजे फारच थोडे. अडचण येथेच आहे. एकाच एरियलवर कानाशी लागून तोंड ओरडत असते. नगारखान्यात बसून पलीकडच्या वाड्यातली कुजबुज ऐकण्याचाच प्रकार! त्यावर उपाय म्हणून धातूच्या सहा उंच डब्यांची गाळणी लावतात. प्रत्येक डब्यातील दांडा केसभर आतबाहेर करून तो नेमक्या लहरीला जुळवावा लागतो. तापमान बदलले की दांडा लांबतो-आखडतो आणि जुळवणी बिघडते. आमच्या चमूतील एका मुलाने हे डबे पाण्याच्या नळाच्या तांब्याच्या पाइपांतून घरीच बनवले. पहिल्या खेपेस यंत्र स्वतःचाच आवाज ऐकून स्वतःशीच बोलत सुटले. दुसऱ्या खेपेस गप्प बसले. तिसऱ्या खेपेस, अडीच महिन्यांनी, त्याने आमचे ऐकले.

यंत्र झाले, पण यंत्र म्हणजे रिपीटर नव्हे. त्याला स्वतंत्र सरकारी परवानगी लागते. एका कार्यालयात आमचा कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जाण्यास चौदा महिने लागले. टेबलांमधील अंतर मी डोळ्यांनी मोजले आहे, ते आमच्या तारेपेक्षा जास्त नाही. मग जागा. ज्यांच्या मालकीचा सडा, त्यांना वाटले आम्ही मोबाइलचा मनोरा उभारतो. गावच्या बैठकीत मी यंत्र हातात धरून दाखवले, दिव्याच्या बल्बाइतकी त्याची शक्ती सांगितली. एका तरुणाने विचारले, ‘‘काका, खिशात मोबाइल असताना हे कशाला?’’ प्रश्न रास्त होता. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात, २००१ साली भूजला, २००४च्या त्सुनामीत अंदमानात हौशी केंद्रांनी निरोप पोहोचवले, हे मी सांगू शकलो असतो. भारती प्रसाद तर त्सुनामीच्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये आपले केंद्र मांडूनच बसल्या होत्या. पण मी त्याला पेट्रोलच्या कॅनची गोष्ट सांगितली. तो कोरगावचाच निघाला, आईला ओळखत होता. जागा मिळाली.

एक चिंता अजून उरली आहे, आणि ती यंत्राची नव्हे. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, तेव्हा सौर पाट्या उपाशी राहतात. बॅटरी उतरली की कोणीतरी भरलेली दुसरी बॅटरी उचलून चिखलातून वर न्यावयाची, आणि तिचे वजन पंचवीस किलोंच्या घरात. माझे गुडघे आता नकार देतात. ज्या मुलाने डबे बनवले तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. उरलेल्या दोघांपैकी एकाची परीक्षा अजून व्हावयाची आहे. पाळीचा तक्ता लिहून भिंतीला लावला आहे. जुलैच्या दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यांपुढची नावे कोरी आहेत.

आईला हे कळले तेव्हा तिने निरोप धाडला की वर जाणाऱ्या पोरांचे जेवण कोरगावाहून येईल. वय वर्षे सत्त्याऐंशी. परवा तिने पहिल्यांदाच सेट हातात धरला, बटण दाबायचे विसरून पाच मिनिटे बोलली, आणि मग माझे उत्तर का येत नाही म्हणून मुलावर रागावली. येत्या रविवारी, पाऊस लागला नाही तर, एरियल सड्यावर चढवावयाचे आहे. नातू येणार आहे. त्याने आपल्या सायकलच्या कॅरिअरला बांधण्यासाठी साडेएकोणीस इंचांची एक तार आधीच कापून ठेवली आहे.