पहिले काम माठाच्या तिवईचे

उन्हाळ्याची सुटी लागली की परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या वेल्डिंगच्या दुकानांत आठवी-नववीतली पोरे डोकावू लागतात. कुणाचा भाचा असतो, कुणाच्या शेजाऱ्याची मुलगी. "काका, मला शिकवा ना." मिस्त्री हो म्हणतो आणि हाताशी पडलेला गेटाचा पातळ पत्रा किंवा चौकोनी पाइपचा तुकडा पुढे सरकवतो. नवख्या हाताला त्यावर आर्क धरता येत नाही. कधी रॉड चिकटतो, कधी क्षणात भोक पडते. दोन दिवसांत मूल 'आपल्याला हे जमणार नाही' असे ठरवून घरी जाते. काम चुकीचे दिले गेले होते, हे त्याला कुणी सांगत नाही.

पहिल्या कामाला जाड लोखंड हवे. 5 मिलिमीटरची पट्टी, 2.5 मिलिमीटरचा 6013 रॉड आणि 70-80 अँपिअर करंट एवढ्यावर सुरुवात होते. पट्टी जाड असली की हात थरथरला तरी भोक पडत नाही, आणि कढईत भजी तळताना येतो तसा सलग आवाज ऐकू येईपर्यंत मुलाला सराव करता येतो.

वस्तू कोणती, हा खरा प्रश्न. स्टूल आणि शिडी पहिल्यांदा सुचतात आणि नेमकी तीच टाळावीत. कच्चा सांधा सुटला तर माणूस पडतो. कापूस-सोयाबीनच्या परभणी जिल्ह्यात तण काढायच्या सायकल कोळप्याचा मोह होतो. पण कोळप्यात चाक सरळ रेषेत हवे, पात्याचा कोनही नेमका हवा. ते पुढचे काम.

पहिले काम माठाच्या तिवईचे असावे. तीन पट्ट्यांचा समभुज त्रिकोण, खाली तीन सळयांचे पाय, किंचित बाहेर झुकलेले, आणि पायांना मध्यावर जोडणारे तीन आडवे तुकडे. पट्ट्यांची टोके एकमेकांवर चढवून जोडावीत. टोकाला टोक भिडवण्यापेक्षा हा सांधा नवख्याला सोपा जातो. वेल्ड थंड होताना आकसते आणि पाय ओढून घेते. चार पायांची वस्तू त्यामुळे डगमगते, तीन पायांची तरीही जमिनीवर टेकतेच. आधी सगळीकडे टाके मारायचे, पायांचा झुकाव तपासायचा, मग आळीपाळीने एकेका कोपऱ्यावर पूर्ण वेल्ड करायचे, हा शिस्तीचा धडाही त्यातच मिळतो.

त्रिकोणाची आतली बाजू 35 सेंटिमीटर ठेवली तर आत सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ बसते. नववीच्या भूमितीतले अंतर्वर्तुळ ते हेच. माठ प्रत्येक पट्टीला मधोमध टेकतो आणि वेल्ड असते कोपऱ्यात. मुलाच्या वेल्डचे खडबडीत गोळे मातीच्या भांड्याला लागतच नाहीत. सांधा तुटलाच तर माठ फुटेल, पाणी सांडेल, एवढेच. परभणीच्या मे महिन्यात तिवई घरात रोज डोळ्यांसमोर असते, तिचा उपयोग रोज होतो. नुसत्या सरावाच्या पट्टीला हे भाग्य नाही.

वापरात येणारी वस्तू बनवून शिकण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडले आणि 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले-मुली वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, आरोग्य हे सगळे हाताने करून शिकतात आणि गावाला लागणाऱ्या वस्तू बनवतात. वस्तू वापरली जाणार म्हटल्यावर मूल मोजमाप दोनदा तपासते.

सुरक्षेत मात्र सवलत नको. टेरिकॉटचा शाळेचा गणवेश ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूटच हवेत. घामाने ओले हातमोजे शॉक देऊ शकतात, म्हणून काम सकाळी लवकर घ्यावे आणि सुक्या मोज्यांची दुसरी जोडी ठेवावी. 10 नंबरची काच शिकणाऱ्याला हवी तशीच शेजारी उभ्या पाहणाऱ्यालाही; आर्क लागल्याचे तेव्हा कळत नाही, रात्री डोळे खुपू लागतात. वेल्डवरचा स्लॅग ठोकून काढताना पांढरा चष्मा घालावा. जस्ताचा मुलामा असलेला जुना जीआय पाइप देऊ नये, त्याच्या धुराने ताप येतो. डिझेलच्या किंवा फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या पिंपाला तर हातही लावू देऊ नये. ग्राइंडर मिस्त्रीनेच चालवावा.

आणखी एक गोष्ट दुकानदारांनी मनावर घ्यावी. बालमजुरी कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि 18 वर्षांपर्यंत धोकादायक कामाला लावता येत नाही. तिवई शिकवून झाल्यावर त्याच मुलाला गिऱ्हाइकाच्या ग्रिलला बसवले, तर ते शिकवणे राहत नाही. पालकांना आधी विचारावे, ते समोर बसले तर उत्तमच. पुढे याच वाटेने जायचे असेल, तर 14 वर्षे पूर्ण झालेल्या आठवी पासला आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड आहे.

दिवाळीच्या सुटीत तेच मूल पुन्हा आले, तर सायकल कोळपे काढावे. हरभऱ्याची कोळपणी तोंडावर असते, आणि पाते नीट लागले की नाही ते शेतातल्या पहिल्याच तासात कळते.