इथे ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारं कुणी नसतं

परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये गाडीचा विषय निघाला की गप्पा मायलेज, विमा आणि ‘पेट्रोल की इलेक्ट्रिक’ यापलीकडे फारशा जात नाहीत. गाडी लावता येते का, हे कुणी कुणाला विचारत नाही. विचारणं जरा अपमानास्पदच वाटतं. आणि नेमकं तिथेच बऱ्याच जणांचं, त्यातही बऱ्याच जणींचं, घोडं अडलेलं असतं. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. अरुंद जागेत रिव्हर्स गाडी लावता येणं ही इथे हौस नाही, स्वतःच्या पायावर उभं राहण्याची गरज आहे. आणि ते शिकण्याचं काम नवऱ्यावर, कॅमेऱ्यावर किंवा नशिबावर सोडू नये.

मी रेडिंगला राहते, लंडनच्या पश्चिमेला, ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. आमच्या भागातल्या गल्ल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. तेव्हा मोटारी नव्हत्या, त्यामुळे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांना ना गॅरेज ना कंपाउंड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. नगरपालिकेचा परमिट असतो, पण परमिट म्हणजे जागा नव्हे, जागा शोधण्याचा हक्क! संध्याकाळी सहाला घरी पोचलात तर दोन गाड्यांच्या मधली एखादी फट मिळते. त्यात गाडी नाकासमोर घुसवता येतच नाही, मागूनच घालावी लागते. तेवढ्यात तुमच्या मागे एक डिलिव्हरी व्हॅन येऊन थांबते. ती हॉर्न वाजवत नाही. उभ्या गाडीतून हॉर्न वाजवणं इथे नियमात बसत नाही. ड्रायव्हर नुसता शांतपणे थांबून राहतो. पुण्यात मागच्याने हॉर्न मारला तर आपण मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावून मोकळे होतो. इथली ती सभ्य शांतता मात्र अंगावर येते.

आपल्याकडे गाडी मागे घेणं हे मुळात एकट्याचं कामच नाही. एसटी स्टँडवर कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवतो. सोसायटीत वॉचमनकाका हात हलवत ‘येऊ द्या, येऊ द्या, लेफ्ट मारा, अजून येऊ द्या, बास!’ म्हणतात आणि डिकीवर थाप मारतात. कुणीच नसलं तर रस्त्याने जाणारा माणूसही न सांगता मदतीला उभा राहतो. काही वर्षांपूर्वी गाड्यांच्या रिव्हर्स हॉर्नमधून गाणी वाजायची, म्हणजे अख्ख्या गल्लीला सूचना की आता तुम्ही सांभाळा. ही आपली पद्धत प्रेमळ आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे मागचं अंतर आरशात बघून ओळखायची सवय आपल्याला लागत नाही. इकडे आल्यावर मागचा ‘बास’ गायब होतो आणि मग कळतं की आपल्याला गाडी चालवता येते, पण लावता येत नाही.

यात अजून एक गोष्ट आहे, जी बोलली जात नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या आमच्या पिढीतल्या मुली दुचाकीवर वाढल्या. कॉलेज, क्लास, नोकरी, भाजी, सगळं ॲक्टिव्हावर. ट्रॅफिकची भीती त्यांना अजिबात नाही. पण स्कूटरला रिव्हर्स गिअर नसतो! पाय टेकवले आणि मागे सरकवली की झालं. म्हणजे लक्ष्मी रोडच्या गर्दीतून दहा वर्षं बिनधास्त गाडी काढलेल्या मुलीसाठीसुद्धा चारचाकी मागे घेणं हा कोरा विषय असतो. त्यावर ‘हिला जमायचं नाही’ असा शिक्का मारणं साफ चुकीचं आहे. जे कधी केलंच नाही, ते न येणं स्वाभाविक आहे.

बरं, विषय अवघडही नाही. मी इंजिनीअर असल्यामुळे मला तो भूमितीतूनच समजला. गाडीची फक्त पुढची चाकं वळतात, मागची नुसती मागोमाग जातात. पुढे जाताना वळलात तर मागची चाकं आतला रस्ता कापतात, म्हणून नाक घुसलं तरी मागचा भाग शेजारच्या गाडीला घासायची भीती. उलट जाताना न वळणारी चाकं आधी जागेत शिरतात आणि वळणारं टोक शेवटपर्यंत तुमच्या हातात राहतं. गोदामातली फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते ती याचसाठी, अरुंद जागेत अचूक फिरता यावं म्हणून. रिव्हर्समध्ये तुमची गाडी तशीच वागते. म्हणजे अरुंद जागेसाठी रिव्हर्स हाच सोपा मार्ग आहे. फक्त एक पथ्य पाळायचं: मागचा भाग डावीकडे गेला की नाक उजवीकडे फिरतं, तेव्हा नाकाकडेही लक्ष हवं.

किती जागा पुरते याचंही गणित झालेलं आहे. रॉयल हॉलोवे कॉलेजातले गणिती सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ मध्ये रस्त्याकडेच्या पार्किंगचं सूत्र मांडलं. गाडीची वळणाची त्रिज्या, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, पुढच्या चाकापुढचं नाक आणि पुढे उभ्या असलेल्या गाडीची रुंदी, एवढ्या चार गोष्टींवरून किती जादा जागा लागेल ते निघतं. छोट्या हॅचबॅकचे साधारण आकडे घालून मी बघितलं, तर गाडीच्या लांबीपेक्षा सुमारे १.६ मीटर जास्त जागा असली की एका दमात गाडी बसते. ब्रिटनच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये साधारण दोन गाड्यांच्या लांबीएवढी जागा धरतात. म्हणजे चार मीटरच्या गाडीला चार मीटर जादा! परीक्षक किती उदार आहेत बघा. शिवाय गाडी वाकडी जातेय असं वाटलं तर थोडी पुढे घेऊन सरळ करायलाही मुभा असते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि एका फटक्यात जमलं नाही की त्यांचे हातपाय गळतात.

आता ‘चार चकरा मारीन पण रिव्हर्स लावणार नाही’ या पंथाबद्दल. सुपरमार्केटात लांबच्या कोपऱ्यात जाऊन गाडी नाकासमोर घालायची आणि ‘तेवढंच चालणं होतं’ म्हणायचं! या पंथात पुरुषही भरपूर आहेत, ते फक्त कबूल करत नाहीत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की नाक आधी घातल्याने रिव्हर्स टळत नाही, पुढे ढकलला जातो. आणि ढकलला जातो तो वाईट वेळेला. आत जाताना तुम्ही रिकाम्या चौकोनात मागे गेला असता. बाहेर येताना मात्र ट्रॉल्या, म्हातारी माणसं आणि पळणारी मुलं यांच्यात मागे यावं लागतं, तेही दोन्ही बाजूंच्या उंच गाड्यांमुळे काही दिसत नसताना. ब्रिटनच्या हायवे कोडमधला २०१ क्रमांकाचा नियम घरासमोरच्या ड्राइव्हवेबद्दल हेच सांगतो: शक्य असेल तर गाडी आत रिव्हर्स घाला आणि बाहेर सरळ काढा.

जागा किती कमी असते तेही बघा. इथे पार्किंगचा चौकोन सर्वसाधारणपणे २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब आखतात. फोक्सवॅगन गोल्फसारखी मध्यम गाडी आरसे सोडून १.७९ मीटर रुंद आहे. म्हणजे गाडी बरोबर मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम ३० सेंटिमीटर, शाळेतल्या एका फूटपट्टीएवढं अंतर. मागच्या सीटवरचं बाळ कारसीटसकट बाहेर काढायचं असेल तर फूटपट्टीचा प्रत्येक सेंटिमीटर लागतो.

‘पण आता कॅमेरा असतो ना?’ असतो, आणि तो असावाच. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. पण ती सक्ती का झाली? स्वतःच्याच घराच्या ड्राइव्हवेमध्ये, बहुतेक वेळा घरच्याच माणसाच्या गाडीखाली लहान मुलं सापडत होती. अशा मुलांच्या पालकांनी पाठपुरावा केला आणि कायदा झाला. म्हणजे कॅमेरा आला तो मागे असलेल्या जिवासाठी, आपल्याला शिकायला लागू नये म्हणून नव्हे. कॅमेऱ्याला मागचं दिसतं, फिरणारं नाक दिसत नाही. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावरचा चिखल आणि मीठ उडून लेन्सवर बसलं की तेही धूसर. टेस्टमध्ये कॅमेरा वापरायला हरकत नसते, पण मान वळवून चहूबाजूंना बघितलं नाही तर चूक धरतात. बरोबरच आहे ते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे शिकवायचं कुणी. आपल्या घरांमध्ये उत्तर ठरलेलं असतं: नवरा आहे ना! रविवारी सकाळी दोघं गाडी घेऊन निघतात आणि परत येतात तेव्हा एकमेकांशी बोलत नसतात. हे मी इतक्या मैत्रिणींकडून ऐकलंय की मला आता त्याचं हसूही येत नाही. ‘अगं बघ ना मागे!’, ‘तुला सांगितलं ना आधी!’ अशा दोन-चार रविवारांनंतर बाई म्हणते, ‘राहू दे, तूच चालव.’ भांडण मिटतं, पण त्या दिवशी एक बाई चालकाच्या सीटवरून कायमची उठते.

त्याची किंमत नंतर कळते. मुलाला शाळेत ताप आला म्हणून फोन येतो, नवरा लंडनला ऑफिसात असतो. गावाबाहेरच्या कंपनीत चांगली नोकरी मिळत असते, पण तिथे बस तासाला एक. भारतातून आलेल्या सासऱ्यांच्या छातीत दुखतं. गाडी दारात उभी असते आणि बाई टॅक्सीची वाट बघत असते.

या बाबतीत कायदाही माहीत असायला हवा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तुम्ही शिकाऊ: प्रोव्हिजनल लायसन्स, गाडीला लाल ‘एल’ आणि शेजारी जाणता माणूस. तो माणूस २१ वर्षांच्या वरचा हवा आणि त्याच्याकडे तीन वर्षांपासून इथलं किंवा युरोपातल्या ठरावीक देशांचं पूर्ण लायसन्स हवं. म्हणजे भारतात पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या, पण इथलं लायसन्स गेल्याच वर्षी मिळालेल्या नवऱ्याला बायकोला शिकवायचा कायद्याने अधिकारच नाही! मला तर हा नियम संसार टिकवण्यासाठीच केलाय असं वाटतं.

म्हणून पैसे मोजून शिकवणारा माणूस लावा. तासाला साधारण ३५ ते ४० पौंड पडतात. महाग वाटतं खरं, मनात लगेच शंभराने गुणाकार सुरू होतो. पण घासलेला दरवाजा रंगवून घेण्याचा खर्च विचारून बघा, मग स्वस्त वाटेल. मला शिकवणाऱ्या बाई एकच वाक्य सारखं म्हणायच्या, त्याचं मराठी असं: गाडी हळू, हात चपळ. क्लचवर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवायची आणि स्टिअरिंग मात्र पटापट फिरवायचं. आपण नेमकं उलटं करत असतो. डावीकडचा आरसा थोडा खाली वळवला की मागचं चाक आणि पांढरी रेघ दोन्ही दिसतात. एवढं कळलं की उरतो तो सराव. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये एकाच चौकोनात वीस वेळा गाडी घालायची आणि काढायची. वीस वेळा केल्यावर हाताला कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही.

हे वाचणाऱ्या तिकडच्या आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना एक विनंती. मुलगी किंवा सून इकडे यायच्या आधी लोणचं-पापडाची यादी होते, तशी ड्रायव्हिंगचीही तयारी करून घ्या. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मर्यादित जागेत गाडी उलटी घालून दाखवण्याची चाचणी आहे. ती एजंटच्या भरवशावर उरकू नका, मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नुसत्या रिव्हर्सचे आठ-दहा दिवस वेगळे घ्या. आणि फोनवर ‘तुला कशाला हवी गाडी, तो आहे ना’ असं म्हणू नका. प्रेमानेच म्हणता, ठाऊक आहे. पण तुमच्या त्या एका वाक्याने तिकडे कुणीतरी पुढची दहा वर्षं शेजारच्या सीटवर बसून काढतं. त्यापेक्षा ‘जमली का गं रिव्हर्स?’ असं विचारा. अजून जमली नसेल, तर पुढच्या रविवारी परत विचारा.