घरपट्टीसाठी अ‍ॅप कशाला?



वसई-विरार महापालिकेच्या सगळ्या सेवा एका अ‍ॅपवर आणा, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. माझा तिला विरोध आहे. साध्या मोबाइलवर नीट चालेल असे संकेतस्थळ करा, ते पुरे आहे.

विरारचा प्रवासी लोकलचे तिकीट अ‍ॅपवर काढतोच की, असे सांगितले जाते. काढतो, कारण तिकीट त्याला सतत लागते आणि नेटवर्क गेले तरी ते टीसीला दाखवता येते. घरपट्टी वर्षातून एकदा-दोनदा भरायची, जन्माचा दाखला आयुष्यात दोन-चार वेळा काढायचा. तेवढ्यासाठी नालासोपाऱ्याच्या चाळीतला माणूस आधीच भरलेल्या फोनमधले घरचे फोटो पुसून अ‍ॅप घेणार नाही. घेतले तरी पावती मिळाल्यावर काढून टाकेल.

यावर ‘हायब्रिड’ अ‍ॅपचा तोडगा पुढे येतो: एकदाच बनवा, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालवा. पण बहुतेक हायब्रिड अ‍ॅपच्या आत वेबपानेच असतात, वरून फक्त वेष्टन. म्हणजे पाने तर करायचीच, शिवाय दोन स्टोअरची मंजुरी घ्यायची आणि त्यांचे नियम बदलले की वेष्टन दुरुस्त करत बसायचे. कंत्राट संपल्यावर हे कोण करणार? खड्ड्याचा फोटो आणि ठिकाण पाठवणे हे तर ब्राउझरलाही जमते.

अ‍ॅपच्या बाजूचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो, तो म्हणजे तातडीच्या सूचनांचा. पण जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी होते, लोकल बंद होत्या, कित्येक भागांत वीज नव्हती. अशा दिवशी संपत आलेल्या बॅटरीवर अ‍ॅप कोण उतरवून घेईल? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली लिंक मात्र कोणीही उघडेल, आणि हलके पान कमकुवत नेटवर्कवरही दिसेल. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना एसएमएस आहेच.

खासगी कंपन्यांनाही हा धडा मिळालेला आहे. मिंत्राने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून फक्त अ‍ॅप ठेवले आणि पुढच्याच वर्षी संकेतस्थळ पुन्हा सुरू केले. कपडे विकणाऱ्याला गिऱ्हाईक गमावून भागत नाही, तर चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे जोडून २००९ साली झालेल्या महापालिकेला नागरिक गाळून कसे भागेल?

आयुक्तांना विनंती आहे की, अ‍ॅपची निविदा काढण्याआधी घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले आणि तक्रारी ही चार पाने एखाद्या स्वस्तातल्या फोनवर, संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उघडून पाहावीत. जिथे अडेल, तिथेच पैसा खर्च करावा.

– एक करदाता, विरार (पूर्व)