कृत्रिम फुप्फुसाचे पटल कोणासाठी?

ज्या देशात क्षयाचा रोगी औषधावाचून मरतो, तेथे कृत्रिम फुप्फुसाच्या पॉलिमर-पटलांवर संशोधन करण्याची चैन कशाला, असा प्रश्न पुरोगामी वर्तुळांतूनही विचारला जातो. प्रश्नामागील कळकळ खरी आहे. निष्कर्ष मात्र घातक आहे. गरिबाने दवाखान्यातील गोळ्यांवर समाधान मानावे आणि यंत्र धनिकांसाठी राहावे, ही विभागणी त्यातून आपोआप मान्य होते.

मुळात हे यंत्र घडले कोणाच्या पैशातून? १९५३ साली फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या काळच्या यंत्रांत रक्त व प्राणवायू यांचा थेट संपर्क येई आणि काही तासांतच रक्तपेशींची नासाडी होई. दोहोंमध्ये पटल आले तेव्हाच यंत्र अनेक दिवस चालविणे शक्य झाले. सिलिकोन-पटलाचे पायाभूत काम डॉ. थिओडोर कोलोबो यांनी अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केले. ब्रिटनमधील १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीचे उपचार मिळालेल्या ९२ अत्यवस्थ नवजातांपैकी ५४ दगावले. कृत्रिम फुप्फुसाची सोय झालेल्या ९३ पैकी ३०. ही चाचणीही तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेतच झाली. ज्या उपचाराने इतकी अर्भके वाचतात, त्यास चैन म्हणता येत नाही.

काम अजून अपुरे आहे. सिलिकोनमधून वायू सावकाश जातो. सच्छिद्र पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ तंतूंतून तो झपाट्याने जातो. परंतु कालांतराने छिद्रांतून रक्तद्रव झिरपू लागतो. पॉलिमिथिलपेंटीनच्या तंतूंवर अतिशय पातळ, अखंड साल असते. म्हणून ते आठवडेही टिकतात. तरीही रक्ताला हा पृष्ठभाग परकाच वाटतो. गुठळ्या होतात, त्या टाळण्यासाठी हेपरिन द्यावे, तर रक्तस्रावाचे भय. रक्ताला परका न वाटणारा पृष्ठभाग घडविणे, हेच आजचे खरे आव्हान आहे.

ते खासगी भांडवल पेलील, असे सांगितले जाते. परंतु एकदा वापरून टाकावयाच्या वस्तूवर ज्याचा नफा अवलंबून आहे, त्याला ती अधिक दिवस टिकविण्याची घाई का असावी? २०२०-२१ च्या महासाथीत या उपचारापायी लाखो रुपयांची बिले भरताना कुटुंबे कर्जबाजारी झाली. बाजाराचा न्याय तो हाच.

पर्याय स्वप्नरंजनाचा नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडविलेली हृदयझडप १९९० साली प्रथम रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आली. ती आयात झडपांहून स्वस्तात मिळू लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध-लेपित स्टेंटची कमाल किंमत सरकारने २९,६०० रुपये ठरविली. हृदयोपचार त्यामुळे बंद पडले नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर-पटलांचे ज्ञान आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्ण आहेत. दोहोंना जोडणारा निर्धार तेवढा नाही.

म्हणून क्षयाचे औषध की कृत्रिम फुप्फुस, या निवडीत कार्यकर्त्यांनी अडकू नये. दोन्ही मागावीत. पटलाचे संशोधन सार्वजनिक पैशातून व्हावे, त्याचे एकस्व सार्वजनिक राहावे आणि जिल्हा रुग्णालयातील रोग्याला त्याचा मार्ग खुला असावा. श्वासावर मालकी हक्क सांगणारी व्यवस्था दयेच्या याचनेने बदलत नसते. ती संघटित मागणीनेच बदलावी लागते.