हात काळे होऊ द्या



ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले आणि आपल्या वडोदऱ्यातील हजारो वाहने पाण्यात बुडाली. पूर ओसरल्यावर गॅरेजपुढे रांगा लागल्या. बुडालेल्या गाडीचे एक नुकसान पाणी करते आणि दुसरे आपण करतो. अंगणातला चिखल काढला की "बघू तरी चालू होते का" म्हणून आपण सेल्फचे बटण दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. काही शेकड्यांचे काम हजारोंवर जाते. गंमत अशी, की द्रव पदार्थ दाबले जात नाहीत हे आपल्या मुलांनी शाळेत वाचलेले असते. पुस्तकातले ते वाक्य अंगणातल्या स्कूटरपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

ते पोहोचावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. घरच्या गाडीतील बिघाड शोधणे हा छंद मुलामुलींना लागू द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीपेक्षा शोधणे महत्त्वाचे. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर सुरू होईना की घरातले सगळे तिला तिरकी करीत, मग किक मारीत. कधी ती सुरू होई, कधी नाही; का, ते कोणी विचारीत नसे. विचार करणारा मात्र आधी प्लग काढून पाहतो. पेट्रोल इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. किक मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. मग टाकी, कॉक, नळी, कार्ब्युरेटर असे क्रमाने पाहावे. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगीकडे वळावे. टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापते. विटकरी-तपकिरी असेल तर सारे ठीक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत लिहावे. प्रयोगशाळेत आम्ही दुसरे काय शिकवतो?

"आता गाड्यांत कार्ब्युरेटर कुठे राहिला?" असे काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो, यंत्र जोडले की बिघाडाचा कोड दिसतो. पण कोड फार तर कोणत्या सेन्सरच्या वाटेवर गडबड आहे ते सांगतो. सेन्सर बिघडला, वायर तुटली की पाणी शिरले, हे माणसालाच शोधावे लागते. यंत्र बदलले तरी शोधण्याची रीत तीच आहे.

दुसरी शंका मार्कांची. हात काळे करणारे मूल अभ्यासात मागे पडेल, ही भीती आपल्या सुशिक्षित घरांत जुनी आहे. पण वडोदऱ्याच्या मराठी माणसाला ती शोभत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेत द्यावे. आज तीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी दादरच्या राहत्या घरालाच कार्यशाळा केले, आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. म्हणून पाना हाती घेताना मुलगा-मुलगी हा भेद नको.

भाषेचेही तसेच आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, घरात मराठी आणि शेजार गुजराती. तीन भाषांत वावरल्यावर आमची एक कसोटी ठरली आहे: जे समजले ते मूल आजीला मराठीत सांगू शकते. ठिणगी कशी पडते हे आजीला कळले, तर ते नातवालाही कळले आहे.

अर्थात, मर्यादा पाळायलाच हव्यात. इंजिन थंड, चावी काढलेली, गाडी मधल्या स्टँडवर. पेट्रोलजवळ दिवा-काडी नाही. बंद खोलीत इंजिन चालवायचे नाही; धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाशिवाय जीव घेतो. ठिणगीची तपासणी आणि ब्रेक मोठ्यांनीच पाहावेत. विजेवरच्या गाडीची बॅटरी कोणी उघडू नये. आणि पुरात बुडालेली गाडी सुरू न करता मिस्त्रीकडे ढकलत न्यावी. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ.

विश्वस्तांना आमची विनंती लहान आहे. एक जुने टू-स्ट्रोक इंजिन, एक भक्कम टेबल, पान्यांचा एक संच आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास. शिकवायला परिसरातील एखाद्या अनुभवी मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे आणि मुलांनी त्यांना "सर" म्हणावे. केवळ आवाज ऐकून बिघाड कुठे आहे हे सांगणारा माणूस आपल्या मुलांनी गुरू म्हणून पाहिला, तर श्रमाच्या प्रतिष्ठेवर वेगळे भाषण द्यावे लागणार नाही.

पालकहो, पुढच्या रविवारी गाडी धुताना पाल्याला जवळ बोलवा. एअर फिल्टर कुठे आहे, एवढेच त्याला किंवा तिला शोधू द्या. शर्टाला डाग पडला तर रागावू नका. तो धुतल्यावर जातो. शिकलेले मात्र जात नाही.