तुकडा नीट पोचला तरच निदान

जव्हार-मोखाड्याचा रुग्ण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिकला किंवा मुंबईला जातो. पोट उघडल्यावर सर्जनला यकृताच्या आवरणालगत एक सेंटिमीटरहूनही लहान, पांढुरकी, टणक गाठ दिसू शकते. पित्तनलिकेचा अ‍ॅडेनोमा म्हणजे अशी निरुपद्रवी गाठ. ती दुर्मिळ आहे आणि बहुधा दुसरेच काही शोधताना सापडते. पण दुसरीकडून यकृतात पसरलेला कर्करोगही डोळ्यांना तसाच दिसतो. म्हणून नुसत्या नजरेवर कोणी निर्णय देऊ नये; तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे.

तिथे पहिली पाहणी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जुन्या रंगजोडीने होते. पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. अ‍ॅडेनोमात लहान, एकसारख्या नलिका तंतुमय ऊतीत दाटीने बसलेल्या असतात, केंद्रके शांत असतात आणि नलिकांत पित्त नसते. कर्करोगात रचना विस्कटते आणि नलिका शेजारच्या ऊतीत घुसतात. तुकडा फारच लहान असेल तर मात्र ही घुसखोरी दिसतच नाही.

अशा वेळी प्रतिपिंडांचे रंग कामी येतात. ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर खूण लावून ते प्रथिन शोधण्याची वाट अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये दाखवली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय त्याच वर्षी सुरू झाले आणि डॉ. व. रा. खानोलकरांनी तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. सीके-७ आणि सीके-१९ हे रंग पेशी पित्तनलिकेच्या वळणाच्या आहेत एवढे सांगतात. साधी गाठ आणि कर्करोग, दोन्हींत ते उमटतात. अहवालात ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरचे हबकतात, त्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे. भेद करायला केआय-६७ मदत करतो: विभाजनाच्या चक्रातल्या पेशी अ‍ॅडेनोमात थोड्याच असतात. पी-१६ अ‍ॅडेनोमात सहसा उमटतो, कर्करोगात अनेकदा हरवतो. ईझेडएच-२ चे बहुतेक याउलट. यातला एकही रंग एकटा निकाल देत नाही. रुग्णाचा इतिहास, सोनोग्राफी आणि गाठीची रचना यांच्या सोबतीनेच तो वाचायचा असतो.

या रंगांची प्रयोगशाळा जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात हवी, असा आग्रह आम्ही धरणार नाही. तुकडा कुठल्याही गाठीचा असो, तो काढताक्षणी दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, त्याच्या दहापट द्रवात बुडवणे मात्र कुठेही जमण्याजोगे आहे. सलाइनमध्ये राहिलेल्या तुकड्यातली प्रथिने नासतात आणि मग परळची उत्तमातली उत्तम प्रयोगशाळाही हतबल होते. बाटलीवर नाव हवे, अर्जात आजाराची हकिकत हवी. मेणात बसवलेला ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. दुसरे मत हवे असेल तर तो ब्लॉक पाठवता येतो. रुग्णाला पुन्हा एसटीने घाट उतरायला लावण्याची गरज नाही.

राहतो अहवाल. दिवाळीनंतर इथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर ‘जगायला’ जातात आणि होळीपर्यंत गावात नसतात. अहवाल त्यांच्यामागे जात नाही. तुकडा घेतानाच मुकादमाचा किंवा नातेवाइकाचा फोन नोंदवावा, आणि निदान त्या कुटुंबाला त्याच्या बोलीत कळवण्याची जबाबदारी प्रत्येक रुग्णालयाने एका ठरलेल्या कर्मचाऱ्यावर सोपवावी. जिल्हा आरोग्य यंत्रणेने एवढा आदेश या दिवाळीपूर्वी काढावा.