घुसखोर कोण?

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीच्या पुराने बडोदे शहर वेढले. २७ ते २९ या तीन दिवसांत वनखात्याने व स्वयंसेवकांनी लोकवस्तीतून २४ मगरी पकडल्या. मगरी शहरात घुसल्या, अशी हाकाटी झाली. पण घुसखोर कोण? मगर नदीतच राहत होती. भराव टाकून, इमारती उठवून नदीचे पूरक्षेत्र गिळले ते शहराने. नदी आपल्या जागेवर परतली, तेव्हा तिच्याबरोबर मगरही आली, एवढेच.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला संरक्षण दिले, हे उचितच झाले. परंतु रात्री-अपरात्री दोर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या तरुणांच्या संरक्षणाचे काय? त्यांना साधने, विमा व मोबदला देणे हे शासनाचे व महापालिकेचे कर्तव्य आहे. सेवाभावाच्या कोरड्या गौरवाने ते फिटत नाही.

पकडलेली मगर पूर ओसरताच पुन्हा त्याच नदीत सोडली जाते. म्हणून खरा उपाय पूरक्षेत्र मोकळे करणे हाच. मात्र त्या निमित्ताने काठावरच्या झोपड्यांवर प्रथम हातोडा पडता कामा नये. आरंभ धनिकांच्या भरावापासून व्हावा, आणि गरिबांना पर्यायी घर आधी मिळावे. कार्यकर्त्यांनी हा क्रम ठामपणे धरून ठेवला पाहिजे.